डायनासोरच्या शेणात भाताचे भाऊबंद

धानाचं तूस बोटांत चोळलं की खरखरतं. वावरात निंदताना गवताचं पातं सर्रकन हातातून गेलं तर बारीक चीर पडते, आणि घाम लागला की ती चुरचुरते. दोन्हींमागे आहे सिलिका, म्हणजे काचेतला मुख्य घटक. गवत मुळांतून पाण्याबरोबर विरघळलेली सिलिका वर ओढतं आणि आपल्या पेशींमध्ये तिचे कण घडवतं. भंडारा-गोंदियाकडच्या राईस मिलमध्ये तूस जाळल्यावर जी राख उरते, तिच्यात बहुतेक हीच सिलिका असते. झाड कुजो, जळो की कुणाच्या पोटात जावो, हे कण टिकतात. त्यांना फायटोलिथ म्हणतात.

या कणांनी २००५ साली विज्ञानातली एक पक्की समजूत मोडली. ते कण मिळाले होते आपल्या नागपूरशेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, वरोरा तालुक्यातल्या पिजदुरा गावाजवळ.

पिजदुऱ्याच्या जीवाश्मांशी नागपूरचा संबंध जुना आहे. ज्यांच्या नावाने आपलं हिस्लॉप कॉलेज चालतं, ते स्टीफन हिस्लॉप धर्मप्रचारासाठी नागपुरात आले आणि फावल्या वेळात इथले दगड गोळा करत हिंडले. पिजदुऱ्याची डायनासोरची हाडं जगापुढे आणण्याचं श्रेय त्यांना जातं. १८६३ मध्ये टाकळघाटजवळ नाला ओलांडताना ते बुडून वारले. पुढे हाडांबरोबरच तिथल्या गोलसर, लांबट दगडांकडेही लक्ष गेलं. ते दगड म्हणजे दगड झालेलं शेण. चार्ल्स मॅटली या भूवैज्ञानिकाने १९३९ मध्ये त्यांच्यावर स्वतंत्र निबंध लिहिला. नागपुरातल्या सेमिनरी हिल्स टेकडीचा काळा दगड ज्या लाव्हापासून झाला, तो पसरण्याआधी या भागात नद्या आणि तळी होती. त्यांच्या गाळात ही हाडं आणि हे शेण गाडलं गेलं.

त्या शेणात काय खाल्लेलं होतं, हे लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद, स्वीडनमधल्या कॅरोलिन स्ट्रोम्बर्ग, हबीब अलिमोहम्मदियन आणि अशोक साहनी यांनी पाहिलं. अशा कामाची रीत ऐकायला सोपी आहे, करायला चिकाटी लागते. शेणाचा दगड फोडून बारीक करायचा आणि आम्लात ठेवायचा. चुना विरघळतो, सेंद्रिय अंश जातो. उरलेल्या गाळातून सिलिकेचे कण वेगळे काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरायचे. हे कण मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढेच असतात, पण त्यांना घाट असतो. गवताच्या पेशीत तयार झालेला कण कधी डमरूसारखा दिसतो, कधी घोड्याच्या खोगिरासारखा, कधी फुलीसारखा. इतर झाडांचे कण वेगळे. जाणकार डोळा एवढ्यावरून वनस्पतीचं कूळ सांगतो.

आणि त्या शेणात गवत होतं! किमान पाच प्रकारचं.

तोवर गवताचे खात्रीचे जीवाश्म साधारण साडेपाच कोटी वर्षांपलीकडे जात नव्हते, आणि डायनासोर तर साडेसहा कोटी वर्षांपूर्वी संपले. म्हणून डायनासोरची चित्रं काढणारे त्यांच्या पायाखाली गवत दाखवत नसत. नेचे, सायकस, सूचिपर्णी झाडं, बस्स. पिजदुऱ्याच्या शेणामुळे हे चित्र बदललं.

मात्र डायनासोर गायी-म्हशींसारखे कुरणात चरत होते, असं यातून समजू नये. त्याच शेणात ताडवर्गीय, सूचिपर्णी आणि इतर फुलझाडांचेही कण होते. ते शेण बहुधा टायटॅनोसॉर या लांब मानेच्या अजस्र प्राण्यांचं असावं. त्यांना चावायला दाढा नव्हत्या. तोंडात येईल ते ओरबाडायचं आणि गिळायचं, त्यात गवतही जायचं.

मला स्वतःला याहून मोठा वाटतो तो २०११ मधला पुढचा शोध. याच भागातल्या जीवाश्म शेणातून मिळालेले कण आणि पानांच्या सालीचे तुकडे नीट तपासले, तेव्हा त्यांतले काही भाताच्या कुळाचे निघाले. वय ६.७ ते ६.५ कोटी वर्षं. भारत तेव्हा आशियाला जोडलेला नव्हता, समुद्रात एकटा उत्तरेकडे सरकत होता. माणसाने भात पेरायला सुरुवात केली ती अगदी अलीकडे, गेल्या दहा हजार वर्षांत. पिजदुऱ्याचं ते गवत म्हणजे आपल्या ताटातला तांदूळ नव्हे, त्याच्या भावकीतलं कुणीतरी. तरी भात कालवताना मला आता पिजदुरा आठवतं.

या कणांनी आणखी एक जुनं कोडं सोडवायला हात दिला. त्याच काळात भारतात गोंडवानाथेर नावाचे छोटे सस्तन प्राणी होते. त्यांच्या दाढा उंच होत्या. अशा दाढा पुढच्या काळातल्या चरणाऱ्या प्राण्यांत दिसतात, कारण गवतातली सिलिका दात झिजवते. गवतच नव्हतं तर या दाढा कशासाठी, हा प्रश्न होता. गवत होतं म्हटल्यावर हे जीव ते खात असावेत, या कल्पनेला आधार मिळाला.

पुढे चीनमधल्या संशोधकांनी एक्विजुबस या डायनासोरच्या दातांवरून गवताच्या सालीचे तुकडे मिळवले. ते दहा ते अकरा कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणजे पिजदुऱ्याच्या गवताहून कितीतरी जुने. तिथेही ओळख पटवायला कामी आले ते सिलिकेचे कणच.