माहिती अधिकारात आकडेवारी मागताय? आधी कॅटलॉगमध्ये नीट शोधा

"सदर माहिती संकेतस्थळावर उपलब्ध आहे." महिनाभर वाट पाहून हातात पडणारे उत्तर बऱ्याचदा एवढेच असते. दुसरे नेहमीचे उत्तर म्हणजे "मागितलेल्या स्वरूपात माहिती या कार्यालयात संकलित केली जात नाही." सोलापुरातून आकडेवारीसाठी अर्ज करणाऱ्यांत प्रबंध लिहिणारे विद्यार्थी असतात, उजनी धरणाच्या पाण्याचा हिशेब मागणारे शेतकरी असतात, गावचा आराखडा करणारे ग्रामपंचायत सदस्य असतात. त्यांचे अर्ज अडतात ते बहुधा एकाच कारणाने. सरकारी दप्तरात त्या कागदाला जे नाव आहे ते न शोधता मागणी आपल्या शब्दांत लिहिलेली असते. म्हणून अर्जाआधी अर्धा तास शोधाला द्या. माहिती तिथेच मिळाली तर अर्जाची गरज उरत नाही. नाही मिळाली तरी कागदाचे नेमके नाव हाती लागते आणि अर्ज त्याच्यावरच टिकतो.

शोधाची चिन्हे मोजकीच आहेत. (ऑपरेटर, म्हणजे शोधाला सूचना देणारी चिन्हे व शब्द, आणि पत्ते इथे देवनागरीत लिहिले आहेत, टाइप करताना ते इंग्रजी अक्षरांत घ्या.) गूगलमध्ये दुहेरी अवतरण चिन्हांतले शब्द त्याच क्रमाने शोधले जातात. शब्दाला चिकटून आधी उणे चिन्ह दिले की तो शब्द असलेली पाने गळतात. दोन पर्यायांच्या मध्ये 'ऑर' मोठ्या लिपीत (कॅपिटल अक्षरांत) लिहायचे, छोट्या लिपीत लिहिले तर तो साधा शब्द समजला जातो. 'साइट:' पुढे पत्ता दिला की शोध तेवढ्याच संकेतस्थळापुरता राहतो. 'साइट:गव्ह.इन' लिहिले तर राज्य सरकारची बहुतेक संकेतस्थळेही त्यात येतात, कारण त्यांच्या पत्त्याचा शेवट तोच असतो. 'फाइलटाइप:' पुढे पीडीएफ, सीएसव्ही किंवा एक्सएलएसएक्स लिहा, म्हणजे त्याच प्रकारच्या फाइली येतात. एक्सएलएस आणि एक्सएलएसएक्स हे दोन्ही एक्सेलचेच, पण गूगलला वेगळे प्रकार वाटतात, त्यामुळे दोन्ही शोधा, जुने तक्ते पहिल्या प्रकारात असतात.

सर्वांत जास्त माणसे अडतात ती कोलननंतरच्या रिकाम्या जागेवर. मोबाइलचा कीबोर्ड ती आपोआप घालतो आणि 'साइट:' हा ऑपरेटर राहतच नाही. उणे चिन्हानंतरही जागा नको.

सरकारी व संशोधन संस्थांच्या अनेक कॅटलॉगची, म्हणजे त्यांच्या आकडेवारीच्या ऑनलाइन सूचींची, स्वतःची शोधचौकट असते आणि तिचे नियम गूगलसारखेच असतील असे नाही. ल्युसीन किंवा सोलर या शोधप्रणालीवर चालणाऱ्या कॅटलॉगमध्ये 'अँड', 'ऑर', 'नॉट' मोठ्या लिपीत चालतात, 'टायटल:' लिहून फक्त शीर्षकात शोधता येते आणि शब्दाच्या शेवटी तारांकन दिले की त्याची पुढची रूपेही सापडतात. तिथे सरळ अवतरण चिन्हेच लागतात. वर्डमधून चिकटवलेल्या किंवा आयफोनवर टाइप केलेल्या ओळीत वळणदार चिन्हे येतात आणि शोध निष्फळ जातो. चौकटीत एकही ऑपरेटर चालत नसेल तर एकच नेमका शब्द टाका आणि बाजूच्या गाळण्यांतून (फिल्टरमधून) वर्ष, विभाग, राज्य निवडा.

आता नावांकडे या. सोलापूरकरांचा खरा घोळ इथे होतो, त्यामुळे हे सावकाश वाचा.

जुन्या इंग्रजी नोंदींत सोलापूरच्या स्पेलिंगमध्ये एसनंतर एच आहे, म्हणजे 'शोलापूर'. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा १८८४ सालचा विसावा खंड त्याच नावाचा आहे. जुने काही शोधताना दोन्ही स्पेलिंगांमध्ये 'ऑर' घालाच. २०११ च्या जनगणनेत उत्तर सोलापूर तालुका 'सोलापूर नॉर्थ' असा लिहिलेला आहे आणि दक्षिण सोलापूर 'सोलापूर साउथ' असा. 'नॉर्थ सोलापूर' अवतरण चिन्हांत टाकणाऱ्याला तो तक्ता दिसत नाही. सांगोला तिथे इंग्रजीत 'सांगोले' आहे आणि मंगळवेढा 'मंगळवेढे', दोन्हींच्या शेवटी ए नसून ई आहे. शेजारच्या जिल्ह्यांशी तुलना करायची असेल तर धाराशिवसाठी उस्मानाबाद आणि अहिल्यानगरसाठी अहमदनगरही शोधा, कारण जुन्या फाइलींची नावे कोणी बदललेली नाहीत. धरणाचेही तसेच. केंद्रीय जल आयोगाच्या जलाशय पत्रकात उजनी 'भीमा (उज्जनी)' या नावाखाली आहे, इंग्रजीत दोन जे लावून. एक जे लिहून शोधणारा माणूस आकडेच नाहीत असे समजून अर्जाला बसतो.

नावांचा गुंता टाळायचा असेल तर कोड वापरा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचा कोड २७ आहे, सोलापूर जिल्ह्याचा ५२६, आणि प्रत्येक गावाला ६ आकडी कोड आहे. एकाच नावाची दोन गावे असतील तर हा कोडच कामी येतो आणि अर्जातही तोच लिहावा.

कागदाचे नावही असेच शोधावे लागते. "सोलापूर जिल्ह्याची सर्व आकडेवारी" या नावाचा कागद कुठल्याच कपाटात नसतो. अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचे जिल्ह्याचे वार्षिक प्रकाशन 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन' या नावाने निघते, ते पूर्ण नाव अवतरण चिन्हांत टाकून पाहा. गावनिहाय माहितीसाठी जिल्हा जनगणना पुस्तिका आहे. शाळा, दवाखाना, पिण्याचे पाणी, बससेवा तिच्या १२-अ भागात मिळते. लोकसंख्या आणि काम करणाऱ्यांची संख्या १२-ब भागात, म्हणजे प्राथमिक जनगणना गोषवाऱ्यात. भाग चुकला की अर्जही चुकीच्या कागदासाठी जातो.

शोधात काही आले नाही म्हणून माहिती नाहीच असे धरू नका. युनिकोडच्या (आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये केलेल्या मराठी पीडीएफ डोळ्यांना मराठी दिसतात, पण आत भलतीच अक्षरे असतात. त्यांत 'पंढरपूर' शोधून कधीच सापडणार नाही. खात्री करायची असेल तर पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून दुसरीकडे चिकटवा. इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसला की फाइल त्यातली आहे असे समजा. स्कॅन केलेल्या परिपत्रकांतला मजकूरही बऱ्याचदा शोधात येत नाही. शिवाय तारीख, तालुका, मंडळ निवडून जे तक्ते उघडतात, जसे कृषी विभागाच्या महारेन या संकेतस्थळावरचे पावसाचे, ते गूगलच्या हाती सहसा लागत नाहीत. तिथे जाऊन यादीतूनच निवडावे लागते. सर्व विभागांना एकसारख्या, शोधता येतील अशा फाइली टाकायला सांगणे अवघड नाही. ते होईपर्यंत हा भार अर्जदारावरच पडतो आणि ते योग्य नाही.

एवढे करूनही माहिती मिळाली नाही तर अर्ज करा. माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ३ नुसार हा हक्क भारतीय नागरिकाचा आहे. त्यामुळे मंडळाच्या किंवा संस्थेच्या लेटरहेडवर संस्थेच्या नावाने अर्ज देऊ नका, एका व्यक्तीच्या नावाने द्या. माहिती कशासाठी हवी ते सांगावे लागत नाही, कलम ६(२) तसे स्पष्ट सांगते.

राज्य सरकारच्या कार्यालयासाठी जोडपत्र 'अ' चा नमुना लागतो आणि त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. एका अर्जात एकच विषय, तोही १५० शब्दांत. म्हणूनच शोधाचे महत्त्व आहे. कागदाचे नाव ठाऊक असेल तर ४० शब्द पुरतात. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही, पण दाखल्याची प्रत जोडली नाही तर शुल्क भरले नाही म्हणून अर्ज परत येतो.

रेल्वेचा सोलापूर विभाग, जनगणना कार्यालय, टपाल खाते ही केंद्राची कार्यालये. त्यांना कोर्ट फी स्टॅम्प चालत नाही. १० रुपयांची पोस्टल ऑर्डर किंवा डीडी द्या, नाहीतर केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवर भरा. तिथे शब्दमर्यादा साधारण ५०० आहे. दोन्ही सरकारांची पोर्टल वेगळी आहेत, पत्ता नीट पाहून उघडा.

मजकूर असा असू द्या: "आपल्या संकेतस्थळावर अमुक नावाचा तक्ता अमुक वर्षापर्यंतच उपलब्ध आहे. त्यापुढील वर्षांचा तोच तक्ता, त्याच रकान्यांसह, एक्सेल स्वरूपात द्यावा." सोबत तुम्ही पाहिलेल्या पानाची छापील प्रत जोडा आणि तिच्यावर पत्ता व पाहिल्याची तारीख दिसू द्या. मग "संकेतस्थळावर उपलब्ध आहे" असे लिहायला जागा उरत नाही. कार्यालयात संगणकावर असलेली माहिती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मागता येते, तो हक्क कलम २(ञ) मध्येच आहे. मात्र नवा तक्ता तयार करून मागू नका. "टक्केवारी काढून द्या", "पाणी का सोडले नाही ते सांगा" अशा मागण्या नोंदीच्या नसतात. नोंद मागा, हिशेब आपण करा.

मुदतीची गफलत फार होते. उत्तरासाठीचे ३० दिवस अर्ज पोस्टात टाकल्यापासून मोजायचे नसतात, तो जन माहिती अधिकाऱ्याला, म्हणजे कार्यालयात अर्जांना उत्तर देणाऱ्या अधिकाऱ्याला, मिळाल्यापासून मोजायचे असतात. सहायक जन माहिती अधिकाऱ्याकडे दिला असेल तर ५ दिवस वाढतात. प्रतींचे पैसे भरा असे पत्र आले तर ते पत्र निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस धरले जात नाहीत, त्यामुळे पैसे लगेच भरा. पोच म्हणून शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक असलेली झेरॉक्स ठेवा, तिच्याविना पुढचे काही सिद्ध करता येत नाही.

उत्तर मिळाल्यापासून, किंवा मुदत संपूनही उत्तर आले नाही तर त्या दिवसापासून, ३० दिवसांत प्रथम अपील करता येते. राज्याच्या कार्यालयात त्यासाठी २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. "संकेतस्थळावर आहे" एवढेच उत्तर आले असेल तर अपिलात एकच मागणी ठेवा: त्या फाइलचा नेमका पत्ता द्यावा, किंवा प्रत द्यावी. अपिलाचा निर्णय ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत व्हायला हवा. तोही पटला नाही तर राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील ९० दिवसांत. सोलापूरचे काम आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे चालते.