त्लायाकापान

त्लायाकापान : मध्य मेक्सिकोतील मोरेलोस राज्याच्या उत्तर भागात वसलेले शेतकऱ्यांचे आणि कुंभारांचे छोटे गाव. समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे 1,600 मीटर. गावाचे नाव नाहुआत्ल भाषेतले आहे : ‘त्लाल्ली’ म्हणजे जमीन, ‘याकात्ल’ म्हणजे नाक, ‘पान’ म्हणजे वर. जमिनीच्या नाकावरचे गाव, असा अर्थ. उत्तरेकडून उतरत आलेल्या डोंगरसोंडा गावाच्या पाठीशी कशा येऊन थांबतात हे एकदा पाहिले की नाव पटते. उभे, कातीव कडे. त्यांच्या घळींतून पावसाळ्यात पाणी धावते आणि गावातून जाणाऱ्या कोरड्या ओढ्यांत उतरते. प्रत्येक सुळक्याला नाव आहे. ‘सोम्ब्रेरितो’ म्हणजे छोटी टोपी. ‘त्लातोआनी’ म्हणजे बोलणारा. आस्तेकांच्या काळी राजालाही हाच शब्द होता. या त्लातोआनी डोंगराच्या माथ्यावर स्पॅनिश येण्यापूर्वीच्या वस्तीचे अवशेष आहेत. तासाभराच्या चढानंतर वरून अख्खे गाव दिसते आणि हवा स्वच्छ असेल तर पूर्वेला पोपोकातेपेत्लचा धूरही. पाच हजार मीटरहून उंच असलेला हा ज्वालामुखी डिसेंबर 1994 पासून पुन्हा जागा आहे.

मेक्सिको सिटीच्या दक्षिणेकडील तास्केन्या बसस्थानकावरून वाश्तेपेक किंवा क्वाउत्लाकडे जाणारी गाडी धरायची आणि शेवटचा टप्पा स्थानिक कोम्बीने करायचा. कोम्बी म्हणजे आपली वडाप. सगळा प्रवास दोन-अडीच तासांचा. बहुतेक लोक राजधानीतून रविवारी सकाळी येतात, भांडी घेतात, जेवतात आणि संध्याकाळी परत जातात. तसे आल्यास गाव दिसते, पण भेटत नाही. मंगळवारी किंवा बुधवारी यावे आणि एक रात्र राहावे. दुपारी दोनच्या सुमारास गल्ल्या रिकाम्या होतात. मातीच्या कच्च्या विटांच्या भिंतींवर ऊन पडलेले असते, कुठल्याशा परसात टर्की ओरडतो, लांबून कोणीतरी ट्रम्पेटची एकच ओळ पुन्हा पुन्हा घोटत असते. इथली शांतता कामाची शांतता आहे : पुरुष नोपाल या निवडुंगाच्या शेतात, भट्ट्या पेटलेल्या, मुले शाळेत. तिला आळस समजून चालत नाही. सणाच्या दिवशी हेच गाव किती आवाज करते, ते पुढे येईलच.

गावाच्या मधोमध सान हुआन बाउतिस्ता हा ऑगस्टिनियन या ख्रिस्ती साधुपंथाचा मठ उभा आहे. ऑगस्टिनियन साधू मेक्सिकोत 1533 मध्ये उतरले आणि लगोलग याच भागात पसरले. हा मठ त्याच सोळाव्या शतकातला. भिंती जाड, वर किल्ल्यासारखे दात, आणि समोर भलेमोठे मोकळे पटांगण. मेक्सिकोतील या पहिल्या पिढीच्या मठांचे मर्म त्या पटांगणात आहे. इथल्या लोकांची पूजा उघड्या आकाशाखाली होत असे. त्यांना एकदम छपराखाली नेणे साधूंना जमण्यासारखे नव्हते. म्हणून ‘उघडे चॅपेल’ बांधले गेले. पाद्री कमानीखाली आणि माणसे अंगणात. युनेस्कोने पोपोकातेपेत्लच्या उतारांवरील असे चौदा मठ 1994 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत घातले, त्यांतला हा एक. 2021 मध्ये त्लाश्कालाचा मठ धरून ती संख्या पंधरा झाली. आतल्या भिंतींवर काळ्या-पांढऱ्या रंगांत संतांची चित्रे आहेत. 1982 मध्ये दुरुस्ती चालू असताना चर्चच्या जमिनीखालून ममी निघाल्या, त्यांत लहान मुलांच्याही. जुन्या गोव्यातला सेंट ऑगस्टिनचा पडका मनोरा पाहिलेल्या वाचकाला एवढे सांगितले पाहिजे की तो मनोराही याच पंथाने उभारला. गोव्यात हे साधू मेक्सिकोनंतर जवळपास चाळीस वर्षांनी पोहोचले.

तरी मठाहून गावकऱ्यांना जवळची असतात ती त्यांची चॅपेले. गावात आणि भोवताली डझनाहून अधिक छोटी चॅपेले विखुरलेली आहेत : सान्ता आना, सान्तियागो, एल रोसारियो, सान मार्तिन, सान होसे. प्रत्येक वाडीचे आपले. बहुतेकांना कुलूप असते आणि किल्ली शेजारच्याच कुठल्यातरी घरात असते. ते घर दर वर्षी बदलू शकते, कारण चॅपेलची देखभाल आणि संताच्या दिवसाचा खर्च ज्याच्याकडे असतो त्या ‘मायोर्दोमो’ची पाळी फिरत राहते. मेण, फुले, फटाके, बँड, सगळ्या वाडीला जेवण : हा भार मायोर्दोमो आणि त्याचे नातेवाईक उचलतात आणि तो मान समजला जातो. गावजत्रेतले मानकरी ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. पाहुण्याने दार ठोठावून नम्रपणे विचारले तर किल्ली घेऊन कोणीतरी बाहेर येते. चॅपेल लहान, दोन मिनिटांत पाहून होणारे. पण ज्या हाताने ते उघडले त्याच्याशी बोलण्यात अर्धा तास जावा आणि तो जाऊ द्यावा.

कुंभारकाम हा या गावाचा जुना धंदा आहे. पूर्वीच्या मेणबत्तीच्या कारखान्याची इमारत, ‘ला सेरेरिया’, आता सांस्कृतिक केंद्र आहे आणि तिथे जुनी भांडी मांडलेली आहेत. पण खरी पाहायची ती गल्लीतली घरे. दारापाशी ओल्या मातीचे गोळे फडक्याखाली झाकलेले, अंगणात उन्हात वाळत ठेवलेल्या पसरट ‘कासुएला’, मागे भट्टी. भट्टीतून निघणाऱ्या वस्तूंत सर्वांत साधी आणि सर्वांत उपयोगी वस्तू म्हणजे ‘कोमाल’, मातीचा पसरट तवा. वापरण्याआधी त्यावर चुन्याचे पाणी फासतात. पांढरा थर वाळला की मक्याची तोर्तिया चिकटत नाही. बाई हाताने थापलेला गोल कोमालवर सोडते, कड सुटली की बोटांच्या टोकांनीच उलटते. तिसऱ्यांदा उलटला की तो मधोमध फुगतो. त्या फुगण्याकडे घरातले मूल जसे बघते, तसेच ज्वारीच्या भाकरीकडे आपल्याकडचे मूल बघते.

भांडी विकत घेताना एक गोष्ट जपावी. मेक्सिकोत परंपरेने चकाकीसाठी शिशाचा लेप वापरत आले आहेत आणि आंबट पदार्थांत ते शिसे उतरते. ‘सिन प्लोमो’, म्हणजे शिसेविरहित, आहे का हे विचारून घ्यावे. तसे काम करणारे कुंभार अभिमानाने सांगतात. बिनलेपाचा कोमाल मात्र निर्धास्त.

त्लायाकापानच्या मातीचे सर्वांत निराळे रूप म्हणजे ‘हुएगो दे आइरे’, वाऱ्याचा संच. बोटभर उंचीच्या बाहुल्या : साप, बेडूक, विंचू, बैल, आणि एक रुग्ण व त्याच्याजवळ बसलेली वैदीण. ओढ्याकाठी, झऱ्याजवळ, मुंग्यांच्या वारुळाशी ‘वारे’ वसतात आणि अवेळी तिथून जाणाऱ्याला धरतात, अशी समजूत. मग वैदीण या मूर्ती आजाऱ्याच्या अंगावरून फिरवते आणि जिथे वारे लागले तिथे नेऊन ठेवते. ‘बाहेरचे लागले’, ‘अंगावरून वारे गेले’ हे शब्द आपल्या आज्यांच्या तोंडून ऐकलेल्या माणसाला ही समजूत परकी वाटू नये. आता हे संच पर्यटकांसाठीही बनतात आणि काचेच्या कपाटात जातात. घ्यायला हरकत नाही. पण ते खेळणे नव्हे हे ध्यानात ठेवून घ्यावेत.

शेतात मका, टोमॅटो, काकडी आणि नोपाल. नोपाल म्हणजे आपल्या बांधावरचा फड्या निवडुंग. इथे त्याची कोवळी पाने काटे सोलून, चिरून, भाजीला लागतात. कांदा-मिरचीबरोबर परतलेली, किंवा नुसती कोमालवर भाजून मीठ घातलेली. चव किंचित आंबट, पोत भेंडीसारखा बुळबुळीत. बाजाराच्या दिवशी चौकाजवळ कापडी छपरांखाली बायका त्यांचे ढीग रचतात आणि गिऱ्हाईक समोर असतानाच सुरीने काटे काढत बसतात. मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून, रात्रभर ठेवून, सकाळी दळायचे ही इथली हजारो वर्षांची रीत. त्यामुळे पीठ थापता येते आणि मक्यातले नायसिन अंगी लागते. युरोपाने मका नेला, ही रीत मागे ठेवली, आणि पेलाग्रा हा रोग मका खाणाऱ्या गरिबांच्या माथी आला. मध्य मेक्सिकोच्या मक्याशी एका मराठी माणसाचे नाव जोडलेले आहे. वर्ध्याचे क्रांतिकारक आणि कृषिशास्त्रज्ञ पांडुरंग सदाशिव खानखोजे 1920 च्या दशकात चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवू लागले. मक्यावर आणि गव्हावर त्यांनी संशोधन केले, आणि शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा काढल्या. चित्रकार दिएगो रिव्हेरा याने राजधानीतील शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर त्यांना रंगवले आहे. चापिंगो या गावापासून फार लांब नाही, आणि मराठी प्रवाशाने ती वाट वाकडी करावी.

लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासाचा काळ, सुरू होण्याआधीच्या दिवसांत, म्हणजे फेब्रुवारीत किंवा मार्चच्या आरंभी, कार्निव्हल येतो आणि त्लायाकापानची शांतता संपते. ‘चिनेलो’ या मुखवट्याच्या नाचाचे जन्मस्थान म्हणून हे गाव ओळखले जाते. गावात सांगतात ते असे : एकोणिसाव्या शतकात जमीनदारांच्या मेजवान्यांत ज्यांना जागा नव्हती अशा पोरांनी जुने कपडे चढवले, तोंड झाकले आणि मालकांची नक्कल करत रस्त्यावर उड्या मारल्या. मुखवट्यावरची गोरी कातडी आणि टोकाला वर वळलेली दाढी त्या मालकांची. तेपोस्त्लानचे चिनेलो गडद मखमलीत असतात, याउतेपेकचे जरी-मण्यांनी लखलखतात; त्लायाकापानचा झगा पांढरा सुती, त्यावर निळे पट्टे. मला तोच अधिक भावतो, कारण फाटक्या कपड्यांची आठवण त्यात अजून शिल्लक आहे. पाऊल सोपे दिसते : गुडघे किंचित वाकवून, पाय जमिनीपासून फारसा न उचलता, खांदे आणि मनगटे हेलकावत छोट्या छोट्या उड्या, पुढे पुढे. दहा मिनिटांत पोटऱ्या भरून येतात. गावकरी हे तासन्‌तास करतात, आणि पाहुण्याला गर्दीत ओढून घेतात.

या उड्यांना, ‘ब्रिंको’ला, सूर देणारा गावचा बँड 1870 च्या सुमारास उभा राहिला. पिढ्यान्‌पिढ्या तो सांतामारिया घराण्याकडे आहे. मोरेलोस हे शेतकऱ्यांचा क्रांतिकारक नेता एमिलियानो सापाता याचे राज्य; 1910 नंतरच्या क्रांतीत इथली गावे उजाड झाली, शेते ओस पडली, बँडही पांगला. पुढे ब्रिहिदो सांतामारिया यांनी तो पुन्हा जमवला आणि जुन्या चाली वाजवणाऱ्यांच्या आठवणीतून परत आणल्या. 1998 मध्ये या बँडला लोककलांसाठी मेक्सिकोचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दुपारी गल्लीत ऐकू येणारी ती ट्रम्पेटची ओळ अशा घरांतून येते.

19 सप्टेंबर 2017 रोजी दुपारी 7.1 तीव्रतेच्या भूकंपाने मोरेलोस हादरला. 1985 च्या महाभूकंपाला त्याच दिवशी 32 वर्षे झाली होती. पोपोकातेपेत्लच्या उतारांवरील मठांना जबर मार बसला. त्लायाकापानचा मठही त्यात होता, आणि वाड्यांवरची चॅपेलेही. कच्च्या विटांची घरे पडली ती निराळीच. मठ राष्ट्रीय वारसा असल्याने त्याच्या दुरुस्तीला सरकारी वास्तुतज्ज्ञ आले. पण आपल्या वाडीचे चॅपेल बंद आहे म्हणून संताचा दिवस कोणी टाळला नाही. अंगणात ताडपत्री बांधून मूर्ती बाहेर मांडल्या की काम भागते. सोळाव्या शतकातही पूजा अंगणातच होत होती.

2011 पासून त्लायाकापान सरकारच्या ‘पुएब्लो माहिको’, म्हणजे जादुई गाव, या योजनेत आहे. त्याने रस्ते दुरुस्त झाले, कुंभारांना गिऱ्हाईक मिळाले. त्याचबरोबर चौकातल्या दुकानांत बाहेरून आलेला माल गावचा म्हणून विकला जाऊ लागला आणि शनिवार-रविवारी गाड्या लावायला जागा उरत नाही. पाण्याची ओढ तर जुनीच. पावसाचे पाणी साठवणारी ‘हाग्वेय’ नावाची तळी गावाने शतकानुशतके राखली, आणि उन्हाळ्यात त्यांचा तळ दिसतो. मुक्कामाला असताना बादलीभर पाण्यात आंघोळ उरकावी, ही इथल्या माणसांची अपेक्षा रास्त आहे.

रीतीभातीचे थोडे. रस्त्यात समोरून येणाऱ्याला, ओळख नसली तरी, ‘बुएनास तार्देस’ म्हणावे. खानावळीत शिरताना आणि निघताना जेवत असलेल्यांना ‘प्रोवेचो’ म्हणावे, म्हणजे जेवण अंगी लागो. वयस्क बाईंना ‘दोन्या’ आणि नाव. काही ऐकू आले नाही तर इथली माणसे ‘मांदे?’ विचारतात, म्हणजे ‘आज्ञा करा’. भट्टीचा, चॅपेलचा, माणसाचा फोटो विचारल्याशिवाय काढू नये.

कोरडा हंगाम नोव्हेंबर ते मे. जून ते ऑक्टोबर पाऊस, बहुधा दुपारनंतरचा. डोंगर हिरवे पाहायचे असतील तर ऑक्टोबरची अखेर उत्तम. तेव्हा शेताच्या कडांना ‘सेम्पासुचिल’ फुललेला असतो, आणि 1 व 2 नोव्हेंबरला मृतांच्या दिवशी त्याच्या पाकळ्यांची वाट रस्त्यापासून घराच्या उंबऱ्यापर्यंत घातली जाते, म्हणजे गेलेल्यांना घर सापडावे. गावच्या मातीच्या धूपदाण्यांत कोपाल हा सुगंधी राळेचा धूप जळत असतो. सेम्पासुचिल म्हणजे झेंडू. दसऱ्याला आपल्या दारावर ज्याचे तोरण लागते ते फूल मूळचे याच मुलुखातले.