कन्सील्ड कॅरीसाठी पहिले पिस्तूल (अमेरिका)

अमेरिकेत सामान्य नागरिकाने कपड्यांआड पिस्तूल बाळगून सार्वजनिक ठिकाणी वावरणे याला ‘कन्सील्ड कॅरी’ म्हणतात. असे पिस्तूल पहिल्यांदा घेणाऱ्यापुढे एक जुना पेच असतो. अंगावर लपायचे तर पिस्तूल लहान आणि हलके हवे. नेम शिकायचा तर ते मोठे आणि थोडे जड हवे. दोन्ही कामे एकाच हत्याराकडून करून घ्यायची असतील तर कशात किती तडजोड करायची, हा या निवडीचा गाभा आहे. पहिल्यांदा घेणारे बहुतेक जण ‘लपेल का?’ इथून सुरुवात करतात. ‘याने मी दर महिन्याला सराव करीन का?’ हा प्रश्न त्याआधी यायला हवा.

दोन पिस्तुले शेजारी ठेवली की पेच लगेच कळतो. ऑस्ट्रियन ग्लॉक कंपनीचे ‘ग्लॉक १९’ हे १९८८ सालचे मॉडेल. नळी १०२ मिलिमीटर, मॅगझिनमध्ये (मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या पेटीत) १५ गोळ्या, रिकाम्या मॅगझिनसह वजन सुमारे ६७० ग्रॅम. सिग साउअरचे ‘पी ३६५’ २०१८ मध्ये आले. त्याची नळी ७९ मिलिमीटर, वजन सुमारे अर्धा किलो, तरी एवढ्याशा मॅगझिनमध्ये १० गोळ्या बसवल्याने त्याने या वर्गाचे चित्रच बदलले. दोन्हींत ९ मिलिमीटरचे तेच काडतूस चालते. दुसरे पिस्तूल टी-शर्टखाली सहज लपते. पण गोळी तीच आणि वजन कमी, म्हणून धक्का जास्त जाणवतो. मूठ आखूड, म्हणून करंगळी कधी कधी हवेत राहते.

नेमाचे गणितही लहान पिस्तुलाच्या विरुद्ध जाते. पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये (नेम धरायच्या खुणांमध्ये) १५ सेंटीमीटर अंतर असताना पुढची साइट १ मिलिमीटर हलली, तर १० मीटरवर गोळी साधारण साडेसहा सेंटीमीटर बाजूला लागते. तेच अंतर १० सेंटीमीटर असेल तर चूक १० सेंटीमीटरची होते. कसलेला नेमबाज ही चूक आवरतो, नवखा आवरू शकत नाही. म्हणून अनेक प्रशिक्षक पहिल्या खरेदीसाठी मधल्या आकाराचे, म्हणजे ग्लॉक १९ च्या अंगलोटाचे पिस्तूल सुचवतात. ते लपवायला थोडे कष्ट पडतात, पण शिकायला त्रास होत नाही. प्रस्तुत नोंदीचाही कल तिकडेच आहे.

लहान हत्यार लपवून बाळगण्याची रीत अमेरिकेत जुनी, आणि तिच्याबद्दलचा संशयही तितकाच जुना. केंटकीने १८१३ मध्येच लपवून शस्त्र बाळगण्यावर बंदी घातली. ती १८२२ मध्ये तिथल्याच न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली. फिलाडेल्फियाच्या हेन्री डेरिंजरने बनवलेली खिशात मावणारी पिस्तुले पुढे इतकी पसरली की त्याचे नाव अशा सगळ्याच पिस्तुलांना चिकटले. १४ एप्रिल १८६५ च्या रात्री अब्राहम लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली ती अशाच डेरिंजरमधून. न्यूयॉर्कने १९११ च्या सलिव्हन कायद्याने पिस्तुलाला परवाना सक्तीचा केला. मग वारे फिरले. १९८७ मध्ये फ्लोरिडाने अटी पूर्ण करणाऱ्या अर्जदाराला परवाना द्यायलाच हवा असा कायदा केला आणि एकेक राज्य त्या वाटेने गेले. लपवून शस्त्र बाळगू देणारे शेवटचे राज्य इलिनॉय, २०१३ मध्ये. २०२२ च्या ब्रुएन निकालात सर्वोच्च न्यायालयाने घराबाहेर शस्त्र बाळगणे हा घटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीने दिलेला हक्क असल्याचे सांगितले आणि ‘खास कारण दाखवा’ ही न्यूयॉर्कची अट रद्द केली. २०२४ अखेर २९ राज्यांत तर परवान्याशिवायही असे पिस्तूल बाळगता येत होते. व्हरमाँटने तसा परवाना कधी मागितलाच नव्हता.

खरेदी आणि व्हिसा

परवानाधारक दुकानातून पिस्तूल घ्यायला केंद्रीय कायद्याप्रमाणे वय २१ पूर्ण लागते. गिऱ्हाईक ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरते आणि दुकानदार १९९८ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय यंत्रणेतून त्याची पार्श्वभूमी तपासून घेतो. बाकीचे नियम राज्यागणिक वेगळे.

अमेरिकेतल्या मराठी माणसांनी एक गोष्ट नीट लक्षात ठेवली पाहिजे. एच-वन-बी, विद्यार्थी किंवा पर्यटक व्हिसावर आलेल्याला बंदूक किंवा काडतूस बाळगणे केंद्रीय कायद्याने मना आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, ते वकिलाकडून समजून घ्यावेत. ग्रीन कार्डधारकांना ही मनाई लागू नाही. ‘बाळगणे’ म्हणजे विकत घेणे एवढेच नव्हे. मित्रांबरोबर शनिवारी रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या जागी, जाऊन भाड्याचे पिस्तूल हातात घेणेही त्यात येऊ शकते. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गाजलेला रेहाइफ खटला असाच उभा राहिला. विद्यार्थी व्हिसावर आलेल्या तरुणाला विद्यापीठाने काढून टाकले होते, त्यामुळे त्याचे देशातले वास्तव्य बेकायदा ठरले होते. तो फ्लोरिडातल्या एका रेंजवर गेला, दोन बंदुका चालवल्या, आणि त्याच्यावर फौजदारी गुन्हा दाखल झाला. आपले वास्तव्य बेकायदा आहे हे त्याला माहीत होते, असे सरकारने सिद्ध केले पाहिजे, असा निकाल न्यायालयाने दिला. रेंजवर बंदूक चालवली म्हणून खटला होऊ शकतो ही गोष्ट मात्र त्याने बदलली नाही.

हाताला बसते की नाही

दुकानात पिस्तूल हातात आले की पहिले काम ते रिकामे आहे याची स्वतः खात्री करणे. दुकानदाराने आत्ताच तपासले असले तरीही. मॅगझिन काढायचे, स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग) मागे ओढून अडकवायची, मग चेंबरमध्ये (नळीमागच्या गोळी बसण्याच्या जागेत) डोळ्यांनी पाहायचे आणि करंगळीचे टोक घालून चाचपायचे. हा क्रम महत्त्वाचा आहे. मॅगझिन काढल्यावर पिस्तूल रिकामे झाले असे समजणाऱ्यांच्या हातून अपघात होतात, कारण एक गोळी चेंबरमध्ये राहिलेली असते.

नंतर मूठ. अंगठा आणि तर्जनीमधली बेचकी मुठीच्या मागच्या बाजूला जितकी वर बसेल तितकी बरी, आणि नळी कोपरापासूनच्या हाताच्या सरळ रेषेत यावी. त्या स्थितीत तर्जनीचे पहिले पेर ताण न देता चापावर पोचले पाहिजे. बोट ताणावे लागले तर पिस्तूल हातात तिरके फिरते आणि गोळ्या एकाच बाजूला जाऊ लागतात. कित्येक पिस्तुलांत मुठीचा मागचा भाग बदलता येतो, तो बदलून पाहावा.

स्लाइड ओढता येत नाही म्हणून अनेक जण नाराज होतात. बहुतेक वेळा ताकद पुरेशी असते, पद्धत चुकते. चिमटीत धरून ओढण्याऐवजी स्लाइड पूर्ण तळव्यात पकडून घट्ट धरावी आणि पिस्तुलाचा हात जोराने पुढे ढकलावा. तरीही जमले नाही तर मऊ स्प्रिंगची मॉडेल मिळतात. सांधेदुखी असलेल्यांनी ती जरूर पाहावीत.

इथे एका प्रचलित सल्ल्याचा समाचार घेणे भाग आहे. दुकानात बाई आली की तिच्यापुढे छोटे, हलके, पाच गोळ्यांचे रिव्हॉल्वर ठेवायचे, ही अमेरिकेतली जुनी खोड. स्मिथ अँड वेसनच्या १९५० च्या ‘चीफ्स स्पेशल’पासून हा प्रकार लोकप्रिय आहे आणि त्याचे गुणही खरे आहेत: स्लाइड नाही, मॅगझिन नाही, गोळी नाही उडाली तर चाप पुन्हा ओढला की पुढची समोर येते. पण त्याचा चाप लांब आणि जड असतो, साइट नावापुरती असते, आणि हलक्या धातूच्या आवृत्तीचे वजन साडेचारशे ग्रॅमच्याही आत असल्याने .३८ स्पेशल काडतुसाचा धक्का तळहाताला झोंबतो. चालवायला सगळ्यात अवघड असलेले हत्यार सगळ्यात नवख्या व्यक्तीला दिले जाते. पन्नास गोळ्यांनंतर हात दुखतो, सराव बंद होतो, आणि पिस्तूल कपाटात जाऊन पडते.

काडतुसाचा वाद पूर्वी फार चाले, आता बराचसा मिटला आहे. १९८६ मध्ये मायामीत एफबीआयचे दोन एजंट चकमकीत मारले गेले, तेव्हा ९ मिलिमीटरच्या गोळीवर ठपका आला. त्यातून १९९० मध्ये .४० एस अँड डब्ल्यू हे काडतूस जन्मले. पुढे गोळ्यांची रचना सुधारली आणि एफबीआय पुन्हा ९ मिलिमीटरकडे वळली. पहिल्या पिस्तुलासाठी ९ मिलिमीटर हेच समंजस उत्तर: धक्का सोसवतो, सरावाची काडतुसे तुलनेने स्वस्त, आणि ती कुठेही मिळतात. नुसता नेम शिकायचा असेल तर .२२ चे पिस्तूल उत्तम. त्यात धक्का जवळजवळ नाही आणि खर्च आणखी कमी. मात्र त्याच्या काडतुसात गोळी न उडण्याचे प्रमाण जास्त असते, म्हणून बचावासाठी त्यावर भिस्त ठेवू नये.

रेंजवर

बऱ्याच रेंजवर पिस्तुले भाड्याने मिळतात. विकत घेण्याआधी तीन-चार मॉडेल प्रत्येकी पन्नास गोळ्या झाडून पाहणे, हा यातला सर्वांत फायद्याचा खर्च. काउंटरवर छान वाटलेले पिस्तूल विसाव्या गोळीला नकोसे वाटू शकते. कान झाकलेले हवेत आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवा. बंद रेंजवर इअरप्लगवर इअरमफ असे दुहेरी संरक्षण घ्यावे. सैल गळ्याचा शर्ट घालून जाऊ नये. उडालेली तापलेली पुंगळी कॉलरमधून आत शिरली की माणूस हातात भरलेले पिस्तूल घेऊन उडी मारतो, आणि नळी कुठेही वळते. रेंजवरून निघताना शिशाचे कण जावेत म्हणून हात-तोंड साबणाने धुवावे.

नवख्याचा खरा दोष शोधायची एक सोपी युक्ती आहे. जोडीदाराने मॅगझिन भरताना मधूनच एखादी नकली गोळी घालायची, कितवी ते सांगायचे नाही. नकली गोळीवर चाप ओढला की ‘टक्’ एवढाच आवाज येतो, आणि नळी कशी खाली झुकली ते चालवणाऱ्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. धक्का बसणार या धास्तीने मनगट आधीच दाबते. पिस्तूल खराब, साइट वाकडी अशा बहुतेक तक्रारी या एका ‘टक्’मध्ये निकालात निघतात. इलाज घरच्या कोरड्या सरावाचा: पिस्तूल दोनदा तपासून रिकामे, काडतुसे दुसऱ्या खोलीत, समोर भक्कम भिंत, आणि साइट न हलवता चाप ओढणे.

होल्स्टर आणि घर

पिस्तुलाइतकाच विचार होल्स्टरचा, म्हणजे पिस्तूल ठेवायच्या म्यानाचा, करावा. होल्स्टर कडक असावे, चाप पूर्ण झाकणारे असावे आणि जाड पट्ट्यावर घट्ट बसणारे असावे. आजच्या अनेक पिस्तुलांना बोटाने लावायची सेफ्टी नसते, त्यामुळे चाप झाकलेला असणे हीच खरी सुरक्षितता. पिस्तूल परत आत घालताना शर्टाचा काठ किंवा जॅकेटची दोरी चापात अडकून गोळी सुटते. म्हणून परत घालताना खाली पाहावे, घाई करू नये. पिस्तूल बाहेर काढायला घाई असू शकते, आत घालायला कधीच नसते. पर्समध्ये किल्ल्या आणि लिपस्टिकबरोबर सुटे पिस्तूल टाकणे धोक्याचे आहे.

अंगावर नसेल तेव्हा ते कुलपात. कपाटाचा वरचा खण म्हणजे कुलूप नव्हे. मुलांना घरातली प्रत्येक लपवलेली वस्तू सापडते. बोटाच्या ठशाने किंवा आकड्यांनी चटकन उघडणारी छोटी तिजोरी पिस्तुलाबरोबरच विकत घ्यावी. आणखी एक गोष्ट दुकानात कुणी बोलत नाही: अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. घरात कुणी खचलेले असेल, तर त्या काळात पिस्तूल घराबाहेर ठेवण्याची सोय करावी. यात संकोच करू नये.

राज्याची हद्द

एका राज्याचा परवाना दुसऱ्यात चालेलच असे नाही. पेनसिल्व्हेनियाचा परवाना खिशात ठेवून डेलावेअर नदीवरचा पूल ओलांडला की न्यू जर्सी लागते. तिथे इतर कोणत्याही राज्याचा परवाना मानत नाहीत, आणि पूल ओलांडणारा माणूस गंभीर गुन्ह्याचा आरोपी होऊ शकतो. न्यू जर्सीने २०१८ मध्ये मॅगझिनला १० गोळ्यांची मर्यादाही घातली, म्हणजे ग्लॉक १९ चे नेहमीचे मॅगझिनही त्यात बसत नाही. न्यू जर्सीतल्या एडिसनला गणपतीच्या आरतीला निघालेल्या फिलाडेल्फियाकडच्या परवानाधारकाने पिस्तूल घरच्या तिजोरीत ठेवून निघावे.

भारतात हा सगळा व्यवहार वेगळ्या पायावर आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली परवाना हा हक्क नसून प्रशासनाने दिलेली परवानगी असते, आणि ९ मिलिमीटर हा प्रतिबंधित बोअर (नळीच्या छिद्राचा आकार) असल्याने सामान्य परवानाधारकाला सहसा .३२ चे पिस्तूल किंवा रिव्हॉल्वर मिळते. अमेरिकेत कायदेशीर घेतलेले ग्लॉक परतताना सामानात घालून मुंबईला आणता येत नाही. भारतात कायमचे परतायचे असेल तर ते आधी तिथेच परवानाधारक दुकानाला विकून टाकावे.