बस विझली म्हणजे निवली नव्हे

इलेक्ट्रिक बसच्या आगीचा विषय निघाला की डेपोतल्या बैठकीत कुणीतरी म्हणतंच, "आग ती आग. डिझेलच्या गाड्यांसाठी जो आराखडा आहे तोच चालवू, आग विझवायचे चार सिलिंडर वाढवून घेऊ." हे ऐकून मी थकलो आहे. या एका वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी एक होऊन जातात: आग विझणं आणि बॅटरी निवणं. मराठीत त्यांना दोन स्वतंत्र शब्द आहेत, तरी आपण गल्लत करतो.

डिझेलच्या बसचं तुम्हाला वेगळं सांगायला नको. इंजिनाशी गळती, तापलेला टर्बो, सोललेली वायर. भडका उडतो, पसरतो, फोम-पाण्यानं दबतो आणि प्रकरण तिथं संपतं. समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ १ जुलै २०२३ ला २५ प्रवासी गेले ती बस डिझेलचीच होती, त्यामुळे "डिझेल निर्धास्त, बॅटरी धोक्याची" हेही साफ चूक. प्रवाशांसाठी नियम दोन्हीकडे एकच: गाडी थांबवा, दारं उघडा, सामान सोडा, लांब जा.

किरकोळ फरक उरकून टाकतो. बॅटरीचे पॅक छतावर, मागे किंवा मजल्याखाली असतात. व्होल्टेज काहीशे असतं, म्हणून नारंगी केबलला हात लावायचा नाही. "पाणी मारलं तर शॉक लागेल" ही भीती मात्र सोडा. अग्निशमन दल सुरक्षित अंतर राखून पाणीच मारतं आणि भरपूर मारतं.

आता खरा मुद्दा. डिझेल बाहेरच्या हवेवर जळतं. हवा तोडली की ज्वाळा जाते आणि तिच्याबरोबर नवी उष्णता तयार होणंही थांबतं. लिथियम-आयन सेलचं, म्हणजे बॅटरीचा पॅक ज्या छोट्या घटकांनी बनतो त्यांचं, तसं नाही. सेल चेपला, आत शॉर्ट झाला किंवा प्रमाणाबाहेर चार्ज झाला की आतली रसायनंच एकमेकांवर क्रिया करून उष्णता सोडू लागतात, आणि ती उष्णता ही क्रिया आणखी भडकवते. याला थर्मल रनअवे म्हणतात. या उष्णतेला बाहेरची हवा लागत नाही. हवा लागते ती सेलमधून फुटून निघालेल्या वायूला पेट घ्यायला. म्हणजे डोळ्यांना दिसणारी ज्वाळा हा नुसता परिणाम. तिचं मूळ सीलबंद पेटीत शाबूत असतं.

एका डेपोत सरावाच्या वेळी मी रखवालदारांना विचारलं, "काका, गाडीखालून पांढरा धूर येतोय, काय कराल?" त्यांनी पावडरचा सिलिंडर उचलला, पिन ओढली, नोझल बुडाशी रोखून डावीकडून उजवीकडे फिरवलं आणि म्हणाले, "विझली, साहेब." शिकवलं होतं ते त्यांनी बिनचूक केलं. चूक शिकवणाऱ्यांची. पावडर उष्णता खेचून घेत नाही. ज्वाळा गेली तरी शेजारचा सेल तापत राहतो, त्यातून हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड आणि इलेक्ट्रोलाइटची वाफ निघत राहते. आधी ती जळून जात होती, आता न जळता शेडच्या छताखाली साठते. पुढची ठिणगी स्फोट घडवते. म्हणून पांढरा धूर दिसला की "वाफ असेल" म्हणत वाकून बघायला जाऊ नका, मागे सरा.

चुलीतला विस्तव रात्री राखेखाली झाकून सकाळी पुन्हा फुलवतात, तसंच हे. फरक एवढाच की निखाऱ्याला फुंकर लागते, सेलला तीही लागत नाही. कॅलिफोर्नियातल्या माउंटन व्ह्यूला मार्च २०१८ मध्ये अपघातात जळालेल्या इलेक्ट्रिक मोटारीची बॅटरी, गाडी आवारात नेऊन ठेवल्यावर पाच दिवसांनी पुन्हा पेटली. ती मोटार होती. बसमधली बॅटरी मोटारीतल्या बॅटरीच्या कितीतरी पट मोठी असते.

"आमच्याकडे एलएफपी आहे, ती पेटत नाही" हे वाक्यही मला खटकतं. एलएफपी म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, लिथियम-आयन बॅटरीचाच एक प्रकार. एलएफपी सहजासहजी बिघडत नाही, तापते कमी, पसरते सावकाश, आणि निवड माझ्या हाती असेल तर मी तीच घेईन. पण बिघडली तर तिच्यातूनही भरपूर हायड्रोजन निघतो. तसंच इलेक्ट्रिक वाहनांच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय आर-१०० नियमातल्या पाच मिनिटांचं. एका सेलमध्ये रनअवे झाला तर प्रवाशांपर्यंत धोका पोचण्याआधी किमान तेवढा वेळ इशारा मिळावा, असं तो नियम सांगतो. ती पाच मिनिटं माणसं उतरवण्यासाठी आहेत. त्यात आग आटोक्यात आणण्याची अपेक्षा धरू नका.

आराखडा बदलतो तो इथं. डिझेलच्या आगीत पहिली दोन मिनिटं महत्त्वाची, म्हणून सिलिंडर हाताशी हवा. बॅटरीच्या आगीत पुढचे दोन-तीन दिवसही तेवढेच महत्त्वाचे. पॅक पाणी आत जाऊ नये म्हणूनच सीलबंद केलेला असतो, त्यामुळे बाहेरून थंड करायला तासन्‌तास पाणी लागतं. टाकी त्या हिशेबानं हवी, वाहून जाणारं घाण पाणी अडवायची सोयही हवी. उष्णता दाखवणाऱ्या थर्मल कॅमेऱ्यानं एकदा बघून भागत नाही, पुन्हा पुन्हा बघावं लागतं. आणि गाड्यांमध्ये अंतर हवं. जर्मनीतल्या स्टुटगार्टच्या डेपोत ३० सप्टेंबर २०२१ ला २५ बस जळाल्या, त्यात इलेक्ट्रिक मोजक्याच होत्या. आरशाला आरसा लावून गाड्या उभ्या केल्या की एकीची आग सगळ्यांची होते.

माझा सर्वांत जास्त आग्रह एका मोकळ्या जागेसाठी असतो: जळालेली किंवा संशयित बस ओढून नेऊन ठेवायला, चारी बाजूंनी सुमारे १५ मीटर रिकामी, उघड्यावर. डेपोत अशी जागा दिसली की महिन्याभरात तिथं भंगारातली गाडी येते, नाहीतर कर्मचाऱ्यांच्या दुचाक्या. पिवळ्या रंगानं चौकट आखा, टोइंगचा रस्ता मोकळा ठेवा, आणि रात्री दोन वाजता चार्जिंगवरच्या बसचा अलार्म नेमका कुणाच्या फोनवर वाजतो, ते आजच विचारून घ्या.