सहा महिन्यांची परीक्षा आणि सोलापूर जिल्ह्यातले आयटीआय

आयटीआय केलेल्या खेड्यातल्या मुलांचे पुढे काय होते, ही चर्चा सोलापुरात हल्ली ‘प्लेसमेंट किती टक्के’ एवढ्यावर येऊन थांबते. या आकड्यामागचे निर्णय समजून घ्यायचे तर २०१३ ते २०१८ ही सहामाही परीक्षांची पाच वर्षे नीट पाहावी लागतात. त्याआधीचे थोडक्यात.

आयटीआय ज्या योजनेखाली चालतात ती कारागीर प्रशिक्षण योजना केंद्राने १९५० मध्ये सुरू केली. १९५६ मध्ये संस्थांचा कारभार राज्यांकडे गेला, अभ्यासक्रम आणि प्रमाणपत्र मात्र केंद्राच्याच हाती राहिले. १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारांचा कायदा आला. सोलापुरात त्या काळी हातात कसब यायचे ते गिरण्यांच्या खात्यांतून, कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यातून आणि घरच्या मागावरून. गिरण्या एकेक करून बंद पडल्या. चादर-टॉवेलचे कसब घराघरातून पुढे चालत राहिले, पण त्याला प्रमाणपत्र नव्हते आणि बहुतेकांकडे आजही नाही. गावाकडच्या मुलासाठी मग तालुक्याचे आयटीआय हाच मुख्य रस्ता उरला. फिटर, इलेक्ट्रिशियन, वायरमन, वेल्डर आणि नंतर संगणकाचे कोपा, एवढ्या चार-पाच ट्रेडभोवती सगळे फिरते.

२००७-०८ पासून देशातल्या १३९६ सरकारी आयटीआयना खासगी भागीदारीतून प्रत्येकी अडीच कोटींचे बिनव्याजी कर्ज देण्याची योजना आली. त्यातून यंत्रे आली. पण निदेशकांच्या, म्हणजे शिकवणाऱ्यांच्या, रिकाम्या जागा यंत्रांनी भरत नाहीत. नवीन लेथ आहे आणि शिकवणारा दोन तुकड्यांत विभागलेला आहे, हे चित्र ग्रामीण संस्थांना नवे नाही.

मग ऑगस्ट २०१३ मध्ये वार्षिक पद्धत जाऊन सत्रपद्धत आली. दोन वर्षांच्या ट्रेडची चार सत्रे झाली आणि दर सहा महिन्यांनी परीक्षा सुरू झाली. ट्रेड प्रॅक्टिकल, ट्रेड थिअरी, वर्कशॉप कॅल्क्युलेशन अँड सायन्स, इंजिनिअरिंग ड्रॉइंग आणि एम्प्लॉयेबिलिटी स्किल्स असे विषय. निर्णयामागे तर्क होता, तो नाकारता येणार नाही. जुन्या पद्धतीत मूल कच्चे आहे हे फार उशिरा कळायचे आणि नापास झाले की वर्ष वाया जायचे. अभ्यासक्रमाचे लहान तुकडे केले तर दोष लवकर दिसेल, ही अपेक्षा होती.

कागदावर सत्र सहा महिन्यांचे होते, खेड्यातल्या मुलाच्या वाट्याला ते तेवढे आले नाही. प्रवेशाच्या फेऱ्या लांबल्या की तिसऱ्या-चौथ्या फेरीतला सांगोल्याचा किंवा करमाळ्याचा मुलगा सप्टेंबरात हजर व्हायचा. पुढे गणपती, दसरा, दिवाळी. जानेवारी उजाडला की परीक्षेचे अर्ज, सराव आणि प्रत्यक्ष परीक्षा. हाताला काम शिकवायला राहायचे जेमतेम तीन महिने.

फिटरच्या पहिल्या सत्रावर याचा काय परिणाम झाला, हे फायलिंगवरून, म्हणजे कानस घासून धातू सपाट करण्यावरून, कळते. लोखंडी तुकडा व्हाइसमध्ये (टेबलावरच्या पकडीत) धरून कानस चालवताना नवशिक्याचा हात झोके खातो. कानस पुढे जाताना आधी पुढचे टोक वर येते, मग मागचे. पृष्ठभाग दोन्ही कडांना खाली जातो आणि मधे फुगवटा राहतो. गुण्या (काटकोनी पट्टी) लावून उजेडाकडे धरला की कडांशी फट दिसते. व्हाइसचा जबडा कोपराच्या उंचीला आहे का, सुरुवातीला डाव्या हाताचा आणि शेवटाला उजव्या हाताचा दाब बदलतो का, हे निदेशकाने शेजारी उभे राहून रोज पाहावे लागते. सुरुवातीला अर्ध्या मिलिमीटरची चूक चालते, पुढे ०.०४ मिलिमीटरपर्यंत यावे लागते. हे अंतर कापायला आठवडे लागतात. सत्रपद्धतीत त्याच काळात पत्राकाम आणि वेल्डिंगची ओळखही उरकायची होती. कोपऱ्यातली फट तशीच ठेवून मूल सरावाच्या पुढच्या जॉबवर जाई. पुढे मेल-फीमेल फिटिंग, म्हणजे एकमेकांत बसणारे दोन तुकडे, नीट बसले नाही की दोष मुलाच्या माथी.

दुसरा फटका निकालांचा. एका सत्रातला विषय राहिला तरी पुढच्या सत्रात बसता येई, पण सगळी सत्रे सुटल्याशिवाय राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळत नसे. वर्षाला दोन परीक्षा म्हणजे अर्ज, हॉल तिकीट, गुणनोंदणी, निकाल आणि दुरुस्त्या हे सगळेच दुप्पट. आईच्या नावातली किंवा जन्मतारखेतली चूक केंद्राच्या पोर्टलवर सुधारून घ्यायची तर मुलगा संस्थेत, संस्था जिल्ह्याला आणि जिल्हा वर, असा अर्जाचा प्रवास. भरतीची शेवटची तारीख त्यासाठी थांबत नाही. विद्युत सहायकाच्या किंवा रेल्वेच्या जाहिरातीला शेवटच्या तारखेला प्रमाणपत्र हातात हवे. एका थिअरी पेपरपायी उत्तम हाताचा इलेक्ट्रिशियन त्या भरतीतून बाद होत होता. ही झळ अक्कलकोट-मंगळवेढ्याच्या मुलाला जास्त बसली, कारण एका दुरुस्तीसाठी त्याचा एसटीचा अख्खा दिवस जायचा आणि घरची मजुरी बुडायची.

ऑगस्ट २०१८ पासून वार्षिक पद्धत परत आली. मधल्या तुकड्यांचे राहिलेले विषय मात्र पुढेही रेंगाळले. त्या वर्षांतल्या गळतीचा ठपका ‘ग्रामीण मुलांना शिकायचेच नसते’ म्हणून मुलांवर ठेवणे साफ चुकीचे आहे.

नोकरीच्या बाजूलाही कायद्याने घातलेली एक मर्यादा आहे. २०१४ च्या दुरुस्तीनंतर ४० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक झाले, २०१९ च्या नियमांनी हा आकडा ३० वर आणला. त्याच नियमांत प्रमाण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के आणि किमान विद्यावेतन शिक्षणानुसार महिना ५००० ते ९००० रुपये ठरले. आता सोलापूरचे यंत्रमाग पाहा. बरेचसे छोटे कारखाने, अंगावरचे काम, नगावर मजुरी. ते या बंधनात येतच नाहीत. उरतात साखर कारखाने, वीज, रेल्वे आणि चिंचोळी-अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतले मोजके उद्योग. जिल्हा साखर कारखान्यांनी भरलेला असला तरी गळीत हंगाम साधारण दिवाळीच्या आसपास सुरू होऊन मार्च-एप्रिलला संपतो, त्यामुळे तिथला रोजगारही पुष्कळदा हंगामी.

म्हणून मुले जातात कुठे? पुण्याच्या कंत्राटी लाइनवर, नाहीतर गावातल्या वाइंडिंगच्या, म्हणजे जळालेल्या मोटरची तार नव्याने भरण्याच्या, दुकानात. हे दुसरे उत्तर आकडेवारीत फारसे दिसत नाही. स्वयंरोजगार दाखवायलाही पुरावा लागतो, आणि मोहोळच्या स्टँडसमोरच्या शटरमध्ये पावतीपुस्तक असतेच असे नाही. उजनीचे पाणी पोहोचत नाही तिथली शेती बोअरवर आहे, त्यामुळे सबमर्सिबल (बोअरमध्ये पाण्याखाली चालणारी मोटर) जळणे हा बारमाही धंदा आहे. एक फेज गेला की स्टार जोडणीच्या मोटरचे उरलेल्या दोन फेजचे वाइंडिंग करपते, तिसरे कोरे राहते. उघडून पाहिले की कारण लगेच कळते. पण संस्थेत वाइंडिंगचा हात बसतो तो मुख्यतः पंख्याच्या आणि साध्या मोटरच्या इनॅमल (लाखेसारखा पातळ थर दिलेल्या) तारेवर. पाण्याने भरलेल्या सबमर्सिबलची तार प्लास्टिकचे आवरण असलेली, ती स्लॉटमधून एकेक वेढा हाताने ओढून काढायची. ओढताना कडेला आवरण खरचटले किंवा केबलच्या सांध्यावर टेप ढिली बसली की कोरडी मोटर मेगरवर (आवरणाचा विद्युतरोध मोजणाऱ्या उपकरणावर) छान रीडिंग देते आणि पाण्यात उतरली की मेगर शून्याकडे येतो. म्हणून जाणता माणूस स्टेटर (मोटरचा वाइंडिंग असलेला स्थिर भाग) रात्रभर पाण्यात बुडवून सकाळी पुन्हा मेगर लावतो. हे न करणाऱ्याच्या चुकीची किंमत शेतकरी मोजतो. पाचशे फुटांवरून मोटर पुन्हा वर काढायची मजुरी त्याच्याच खिशातून जाते.

अशी कामे अभ्यासक्रमात आणायची दारे अलीकडे थोडी उघडली आहेत. २०२२ च्या फेरबदलात वर्षाचे प्रशिक्षण १६०० तासांवरून १२०० तासांवर आले आणि त्याशिवाय १५० तास प्रत्यक्ष कामावर किंवा गटप्रकल्पात घालायचे ठरले. ‘किंवा’ या सवलतीमुळे जिथे उद्योग जवळ नाही तिथे गटप्रकल्पाने तास भरून निघतात आणि मूल वर्कशॉपच्या बाहेर पडतच नाही. सोलापुरापुरते पाहिले तर साखर कारखान्यांत एप्रिल ते सप्टेंबर ओव्हरहॉलिंग चालते. मिलचे रोलर उतरतात, बेअरिंगे उघडतात, पंप सुटे होतात, बॉयलरच्या नळ्या बदलतात. फिटर आणि वेल्डरच्या मुलांना वर्षभरात सर्वांत जास्त काही पाहायला मिळते ते याच महिन्यांत. १५० तास म्हणजे दिवसाला सात तास धरले तर साधारण बावीस दिवस. वार्षिक परीक्षेच्या आधी, एप्रिलच्या मध्यापासून ते बसवता येतात. त्यासाठी संस्थेने कारखान्याच्या चीफ इंजिनिअरशी फेब्रुवारीतच बोलून ठेवावे लागते, कारण मे महिन्यापर्यंत बहुतेक रोलर उतरलेले असतात.