खोटे शिक्षक, नासलेली बुद्धी आणि द्रव्यलोभ

ख्रिस्ती शिकवणीत खोटे शिक्षक म्हणजे बाहेरचे विरोधक नाहीत, मंडळीतच, म्हणजे चर्चच्या समुदायातच, उभं राहून शिकवणारे, बायबल पाठ असलेले, पण बुद्धी बिघडलेली आणि डोळा पैशावर असलेले लोक. मुख्य आधार म्हणजे प्रेषित पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेलं पहिलं पत्र, अध्याय ६, वचनं ३ ते १०. चर्चमधल्या संदेशात (प्रवचनात) बहुतेक दहावंच ऐकायला मिळतं, पैशाचा लोभ वाइटाचं मूळ वगैरे, पण खरा मुद्दा चौथ्या-पाचव्या वचनात आहे आणि तिथला क्रम बघण्यासारखा आहे. आधी माणूस गर्वाने फुगतो, कळत काही नसतं पण वाद घालायची खाज असते, शब्दांवरून भांडणं होतात, त्यातून हेवा, निंदा, संशय, आणि या रोजच्या कटकटीत बुद्धी नासली की मग भक्ती हे कमाईचं साधन वाटायला लागतं. म्हणजे खिसा नंतर, डोकं आधी.

पत्र आलं तेव्हा तीमथ्य इफिसात होता. अर्तमी देवीचं शहर ते, आपल्या हुपरीत चांदीचे दागिने घडतात तसे तिथं चांदीचे देव्हारे घडायचे, आणि पौलामुळे धंदा बसणार म्हणून देमेत्रिय सोनाराने सगळं शहर भडकवलं (प्रेषितांची कृत्ये १९). धर्मावर पोट भरणं तिथं नवीन नव्हतंच.

पेत्राचं दुसरं पत्र आणि यहूदाचं पत्र दोन्ही बलामाचं, म्हणजे पैशाच्या लोभाने वाट चुकलेल्या संदेष्ट्याचं, उदाहरण देतात. त्याआधी, जुन्या करारात, मीखा संदेष्ट्याने (३:११) पैसे घेऊन शिकवणाऱ्या याजकांना झापलंय. शिमोन जादूगार तर पवित्र आत्म्याचं दानच विकत मागायला आला, पेत्राने त्याला "पैशासकट तुझा नाश होवो" असं सुनावलं.

आता याचा अर्थ पाळकाला (चर्चच्या धर्मगुरूला) पगार नको असा काढू नका. तीमथ्याच्या त्याच पत्रात एक अध्याय आधी लिहिलंय की कामकरी आपल्या मजुरीला योग्य आहे. पौल स्वतः करिंथात तंबू शिवून पोट भरायचा हा भाग वेगळा. वर्गणीचे पैसे पोचवताना मात्र तो सोबत आणखी माणसं द्यायचा, कोणी बोट दाखवू नये म्हणून (२ करिंथ ८).

कोल्हापुरात अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर १८५२ साली आले, त्यांच्या नावाचं वायल्डर मेमोरियल चर्च आजही आहे. अशा जुन्या मंडळ्यांत हंगामाच्या उपासनेला लोक भात, गूळ, नारळ, कोंबडी घेऊन येतात, मग लिलाव, चार नारळांवरून दोन घरांची चढाओढ, आणि किती आले ते सगळ्यांसमोर वहीत. हिशोब उघडा राहतो. मोबाईलवर मात्र आता वेगळंच चालतं, "विश्वासाचं बीज पेरा, शंभरपट मिळेल" आणि खाली स्कॅन करायचा कोड, ही समृद्धीची सुवार्ता पाचव्या वचनात चपखल बसते असं माझं मत.

सुरुवातीच्या मंडळीने तर यावर नियमच केला होता. डिडाखे नावाच्या फार जुन्या ग्रंथात (हस्तलिखित १८७३ मध्ये इस्तंबूलात सापडलं) लिहिलंय की फिरता प्रेषित एक दिवस राहील, गरज पडली तर दोन, तीन दिवस मुक्काम ठोकला तर तो खोटा. निघताना पुढच्या मुक्कामापर्यंतची भाकरी द्यायची, पैसे मागितले तर तोही खोटा.