२४ या आकड्याचा माग

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरी पाहुणा आला की त्याला ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर नेणं ओघानंच येतं. चढावरच्या चतुर्भुज मंदिरापाशी मी हटकून थांबतो. इथल्या इ.स. ८७६ च्या शिलालेखात देवाच्या फुलबागेचं माप आहे: २७० हात लांब, १८७ हात रुंद, रोज ५० माळा. त्यातलं शून्य आपल्यासारखंच वाटोळं, जरा लहान. जमिनीचा आकार आणि फुलांची मोजणी एकाच दगडावर! संख्या आणि आकार यांचं तेच नातं आज स्ट्रिंग थिअरीत (मूलकण म्हणजे कंप पावणाऱ्या सूक्ष्म तारा, असं मानणाऱ्या भौतिकशास्त्रातल्या सिद्धांतात) फार खोलवर दिसतं.

त्याचा एक धागा रामानुजनांपर्यंत जातो. जानेवारी १९२० मध्ये, मृत्यूच्या तीनेक महिने आधी, त्यांनी इंग्लंडमधले गणिती हार्डी यांना शेवटचं पत्र लिहिलं. त्यात 'मॉक थीटा' फलनांची १७ उदाहरणं होती. ही फलनं मॉड्युलर फॉर्मसारखी, म्हणजे अतिशय काटेकोर सममिती असलेल्या फलनांसारखी, वागता वागता किंचित चुकतात. हा चुकार भाग नेमका कसा भरून काढायचा, हे २००२ मध्ये सँडर झ्वेगर्स यांच्या प्रबंधातून कळलं. तब्बल ८२ वर्षांनी!

दुसरा धागा भूमितीचा. सुपरस्ट्रिंगला दहा मिती लागतात. आपल्या चार सोडून उरलेल्या सहा गुंडाळाव्या लागतात. त्यातल्या चार अनेकदा 'के३' या आकारात गुंडाळतात. कुमर, केलर, कोडाइरा हे तीन गणिती आणि के२ शिखर यांच्यावरून आंद्रे व्हेय यांनी १९५८ मध्ये हे नाव दिलं. के३ चा ऑयलर अंक, म्हणजे आकाराची ठेवण सांगणारी एक ठरावीक संख्या, २४.

२०१० मध्ये एगुची, ओगुरी आणि ताचिकावा हे भौतिकशास्त्रज्ञ के३ वरच्या स्ट्रिंगच्या अवस्था मोजत होते. हिशेबातून ९०, ४६२, १५४० असे आकडे निघाले. निम्मे करून पाहा: ४५, २३१, ७७०. एम२४ नावाच्या गटाच्या (सममितींच्या संचाच्या) निरूपणांच्या, म्हणजे तो गट ज्या रूपांत मांडता येतो त्यांच्या, या मिती! हा गट २४ वस्तूंच्या २४,४८,२३,०४० अदलाबदलींचा, एकोणिसाव्या शतकात फ्रेंच गणिती माथ्यूंनी शोधलेला. आणि या आकड्यांची मालिका? रामानुजनांच्याच 'मॉक' कुळातली. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा कागद-पेन्सिल घेऊन भागाकार पुन्हा करून पाहिला.

२०१२ मध्ये अतीश दाभोलकर (मूळचे गडहिंग्लजचे, हे सांगताना ऊर भरून येतो), समीर मूर्ती आणि डॉन झागिए यांना कृष्णविवरांच्या अवस्था मोजतानाही अशीच फलनं सापडली.

एम२४ चे आकडे पुढेही बिनचूक बसतात, हे टेरी गॅनन यांनी सिद्ध केलं. पण के३ च्या कोणत्याही एका मॉडेलमध्ये एम२४ ची सगळी सममिती मिळत नाही. मग हे आकडे कोण जुळवतं, याचा शोध अजून चालू आहे.